हेमलताबाईंची पंचवीस मिनिटं

नंबर लावणं ही एक विद्या आहे, आणि विट्यात ती हणमंतराव म्हेत्र्यांइतकी कुणालाच साधली नव्हती. बोराटे डॉक्टरांचा दवाखाना उघडायचा सकाळी नवाला. हणमंतराव साडेपाचलाच फिरायला म्हणून निघायचे आणि बंद दारासमोरच्या पहिल्या पायरीवर एक जुनी चप्पल ठेवून पुढं जायचे. एकच चप्पल. जोड ठेवला तर चोर नेतो, एक कुणी नेत नाही, हे त्यांचं शास्त्र. मग मागून कुणाची पिशवी, कुणाची पाण्याची बाटली, कुणाची वीट अशी रांग त्या चपलेमागं लागत जायची. नवाला कंपाउंडर वही उघडून पहिलं नाव लिहायचा ते हेमलता म्हेत्रे.

नाव नेहमी बायकोचंच. कधी तिचं पित्त, कधी कंबर, अलीकडं गुडघा. स्वतःसाठी हणमंतरावांनी उभ्या जन्मात नंबर लावला नव्हता. "मला काय धाड भरलीय?" एवढंच म्हणायचे. खरी गोष्ट वेगळी होती. त्यांच्या वडिलांचे हात शेवटची नऊ वर्षं थरथरत होते, आणि त्या हातांना घास धरता येईना तेव्हा भरवायचं काम हणमंतरावांकडं आलं होतं. तेव्हापासून दवाखाना म्हणजे बाहेरच्या बाकापर्यंतच. आतल्या खोलीत ते पाऊल टाकत नसत. "मला तसलं काही झालं तर मला सांगू नका," असं त्यांनी एकदा जेवता जेवता बजावलं होतं. हेमलताबाईंनी ते नीट लक्षात ठेवलं होतं.

हणमंतराव एकतीस वर्षं विट्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. 'कडेगावमार्गे कराडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे' हे त्यांच्या तोंडून निघालं की बाकावर डुलक्या घेणारी माणसं पिशव्या उचलून ताडकन उभी राहायची. भोंगा बिघडला तरी त्यांचं काही अडायचं नाही. लेंगऱ्याहून कॉलेजला येणाऱ्या हेमलतानं लग्नाआधी दोन वर्षं तो आवाज रोज ऐकला होता. माणूस नंतर बघितला. "आवाजाच्या मानानं माणूस बेताचाच निघाला," असं ती पाहुण्यांत सांगायची आणि हणमंतराव मिशीत हसायचे.

मग दोन वर्षांपूर्वी पायरीवरच्या चपला गेल्या आणि नंबरवाली आली.

नंबरवाली म्हणजे यंत्र. फोन लावला की गोड आवाजात विचारायची, रुग्णाचं नाव सांगा, काय होतंय ते सांगा, आता रुग्णानं मोठा श्वास घेऊन जमेल तितका वेळ 'आ' म्हणावं. सगळी गोम त्या 'आ'मध्ये होती. माणूस 'आ' म्हणतो तेव्हा घशातल्या स्वरतंतूंच्या दोन पट्ट्या सेकंदाला शंभर-दोनशे वेळा एकमेकींवर आपटत असतात. धडधाकट माणसात त्या ठेक्यात आपटतात. फुप्फुसाला हवा पुरेना, हृदय थकलं, थायरॉईड सुजलं, किंवा मेंदूकडून येणारा हुकूम जरासा अडखळला, की ठेका चुकतो. चुकतो तोही सेकंदाच्या हजाराव्या भागानं. तुमच्या-आमच्या कानाला कळायचा नाही. नंबरवालीला कळायचा. तिनं लाखो लोकांचे 'आ' ऐकले होते आणि त्या लोकांना पुढच्या वर्षांत काय काय झालं तेही तिला शिकवलेलं होतं.

त्यामुळं आधी आला त्याचा आधी नंबर, हा जगाचा न्यायच तिनं मोडीत काढला. ज्याची जेवढी गरज त्याला तेवढी मिनिटं. साध्या खोकल्याला चार, साखरेला आठ, छातीत धडधडत असेल तर असाल तसे निघा. बाई बोलतेय की बुवा, इकडं ती लक्षच द्यायची नाही. सुरुवातीला भरड्या आवाजाच्या म्हाताऱ्या बायकांना ती 'बाईंना फोन द्या' म्हणून तिष्ठत ठेवायची, त्या बायकांनी तिला शिव्या घातल्या, म्हणून तो भाग काढून टाकला होता. कुणाला किती मिनिटं मिळाली ते आतल्या दारावरच्या पाटीवर नावासकट झळकायचं आणि बाहेरचे सगळे ते वाचायचे.

हणमंतरावांना 'आ'चा प्रकार पोरकट वाटायचा. हेमलताबाई कधी मोरीत, कधी पोळ्या लाटत. एवढ्याशा 'आ'साठी तिला कुठं उठवायची? ज्यानं नंबर लावायचा त्यानंच बाकीचं उरकायचं. शेजारच्या सुगंधाबाई नातवाचा 'आ' स्वतःच म्हणायच्या, समोरचे यादवमास्तर सुनेचा म्हणायचे. नंबर घरातल्या कर्त्यानं लावायचा असतो, यात विट्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं.

गुडघा दुखायला लागला त्या आठवड्यात हणमंतरावांनी फोन केला. नाव सांगितलं, गुडघा सांगितला, 'आ' म्हणाले.

"गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटं," नंबरवाली म्हणाली. "हेमलता म्हेत्रे. पंचवीस मिनिटं."

"पंधरा?"

"पंचवीस."

हणमंतरावांची छाती फुगली. एवढी मिनिटं गावात कुणाला मिळाली नव्हती. मशीनच्या राज्यातसुद्धा पहिला नंबर म्हेत्र्यांचाच, असं ते दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटले.

गुरुवारी पाटीवर पंचवीस झळकलं, हेमलताबाई आत गेल्या आणि दार लागलं. हणमंतराव बाकावर बसून भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले. दहा मिनिटं अभिमानात गेली. पुढची पाच नुसतीच गेली. विसाव्या मिनिटाला सुगंधाबाईंनी विचारलं, "गुडघाच नव्हं?" आणि त्या क्षणी हणमंतरावांच्या डोक्यात पहिला किडा वळवळला.

"काय म्हणाला?" बाहेर आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"सगळं तपासलं बाई. हात बघितले, चालायला लावलं, डोळ्यांपुढं बोट फिरवलं. काहीच सापडलं नाही. तरी म्हणाले पुढच्या गुरुवारी या."

"गुडघ्याला हात कशाला बघायला लागतात?"

"मला काय ठाऊक? मी डॉक्टरीण आहे का?"

हा शब्द तिनं वापरायला नको होता. कारण डॉक्टरीण ती झाली असती. हणमंतरावांचं स्थळ सांगून येण्याच्या तीन महिने आधी लेंगऱ्याच्या त्याच ओसरीवर, त्याच सतरंजीवर जयसिंग बोराटे नावाचा मिरजेला डॉक्टरकी शिकणारा मुलगा तिला बघायला आला होता. पोह्यांची बशी तिनं त्याच्याही हातात दिली होती. मुलाला अजून शिकायचंय म्हणून ते बारगळलं. सतरा जणांचं बारगळतं, त्यात विशेष काही नाही. पण पुढं त्याच मुलानं विट्यात दवाखाना काढला, आणि भांडण झालं की हेमलताबाई म्हणू लागल्या, "डॉक्टरीण झाले असते, तुमच्या फलाटावर आले." चाळीस वर्षं हा विनोद होता. त्या गुरुवारी घरी चालत येताना हणमंतरावांच्या ध्यानात आलं, की बोराट्याची बायको जाऊन आता तीन वर्षं झाली.

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा पंचवीस. या खेपेला हेमलताबाई बाहेर आल्या त्या पदरानं डोळे टिपत. विचारलं तर म्हणाल्या, "गुडघा दाबून बघितला, कळ आली." मागोमाग डॉक्टर दारापर्यंत आले. डॉक्टर दारापर्यंत! आणि म्हणाले, "हणमंतराव, कधी तुम्हीपण या की आत."

"मला काय धाड भरलीय?"

डॉक्टरांनी हेमलताबाईंकडं बघितलं, हेमलताबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. ते बघणं हणमंतरावांच्या काळजात सुईसारखं घुसलं. "या हेमलताबाई," असंही डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं 'वहिनी' म्हणणारा माणूस नावावर आला होता.

मग घरात सगळंच वेगळं दिसायला लागलं. गुरुवारी ती इस्त्रीचं पातळ नेसते. चष्म्याची काडी बदलून घेतली. आणि बोलण्यात तर लक्षच नाही. हणमंतराव काहीही बोलले की "काय म्हणालात?" दर वाक्याला "काय म्हणालात?" पूर्वी असं नव्हतं. एक तर बाईला बहिरेपण येत होतं, नाहीतर तिचं मन दुसरीकडं होतं. बहिरी असती तर दवाखान्यात पंचवीस मिनिटं गप्पा कशा झाल्या असत्या?

एकदा ते गॅसशेजारी खुर्ची टाकून याच विचारात बसले होते. हेमलताबाई अंगणातून पळत आल्या. "अहो, दूध! सगळं घर करपलंय, तुम्हाला वास नाही आला?" त्यांना खरोखरच वास आला नव्हता. डोक्यात आग असली की नाकाला कुठला वास येणार, असं त्यांनी मनाला समजावलं. हेमलताबाई काळं पातेलं हातात धरून त्यांच्याकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग पातेलं मोरीत ठेवून बाहेर निघून गेल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर हणमंतरावांना बरं वाटलं असतं.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे बुधवारची. बुधवार आला की ती त्यांच्या हातात फोन द्यायची. "उद्याचा नंबर लावा."

"तूच लाव की. तुझा डॉक्टर, तुझा गुडघा."

"मला नाही जमत ते. तुम्हीच लावा." आणि 'आ' म्हणायची वेळ आली की ती पोळ्या सोडून दारात येऊन उभी राहायची, कणकेचे हात तसेच, श्वास रोखून. जसा काही परीक्षेचा निकाल लागतोय. एवढी घाई! आपणच आपल्या हातानं आपल्या बायकोची भेट ठरवून देतोय, असा विचार करत हणमंतराव 'आ' म्हणायचे आणि नंबरवाली न चुकता पंचवीस द्यायची.

पाचव्या गुरुवारनंतर त्यांना राहवेना. बोराट्यापुढं एकदा छाती काढून बसायचंच असं ठरवलं. घरचा फोन वापरला तर निरोप हेमलताबाईंना गेला असता, म्हणून ते जुन्या सोबत्याकडं गेले. शिंगाडे कंडक्टर. पंचाहत्तरीतही कुस्तीगिरासारखी मान.

"माझा नंबर लाव," हणमंतराव म्हणाले. "तुझ्या फोनवरून."

"तुला रं काय झालंय?"

"काय झालं नाही. झालं असेल ते बघायचंय."

शिंगाड्यानं नाव सांगितलं आणि असा काही 'आ' ठोकला की खिडकीतली चिमणी उडाली. नंबरवाली म्हणाली, "हणमंत म्हेत्रे. चार मिनिटं."

चार! बायकोला पंचवीस आणि नवऱ्याला चार! मत्सराला काहीतरी आकडा लागतो. तो हणमंतरावांना मिळाला.

"या, या," डॉक्टर उठूनच उभे राहिले. "सूर्य कुठं उगवला आज? काय होतंय?"

हणमंतरावांनी दुखणं ठरवून नेलं नव्हतं. "झोप," ते म्हणाले.

"झोपेत हातपाय झाडता? ओरडता? गेल्या सोमवारी उशीला बुक्की मारलीत म्हणे."

हणमंतरावांचं रक्त तापलं. नवरा-बायकोच्या खोलीतली गोष्ट! हीसुद्धा ती इथं येऊन सांगते? आणि हा बाबा ती माझ्याच तोंडावर सांगतो?

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

डॉक्टरांनी एक कोरा कागद पुढं सरकवला. "इथं तुमचं पूर्ण नाव लिहा बघू."

"मला लिहिता येतं डॉक्टर. वाहतूक नियंत्रक होतो."

"माहीत आहे. तरी लिहा."

त्यांनी लिहिलं. 'हणमंत' ठीक आलं, वडिलांच्या नावापाशी अक्षर बारीक व्हायला लागलं आणि 'म्हेत्रे' तर मुंगीएवढं उमटलं. पेन चांगलं नव्हतं. डॉक्टर त्या कागदाकडं इतका वेळ बघत बसले की मिनिटं संपल्याचा वरचा दिवा पिवळा झाला.

"बसा अजून," डॉक्टर म्हणाले. "दिव्याचं सोडा. मला तुमच्याशी बोलायचंय."

"नको. मला चार दिलीत, चार झाली. पंचवीसवाल्यांना बसवा." असं म्हणून हणमंतराव उठले आणि खुर्ची मागं ढकलून बाहेर पडले. उठताना एकदा परत बसावं लागलं. खुर्चीच खोल होती.

त्या संध्याकाळी त्यांनी भांडण काढलं. "अजून एक गुरुवार राहिलाय," ती एवढंच म्हणाली. "मग जायचं नाही. मग काय बोलायचं ते बोला."

"गुरुवार मोजून ठेवलेत?"

"काय म्हणालात?"

त्यांनी परत सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी त्यांना कपाटात वरच्या फळीवर रिकामी जागा दिसली. तिथं त्यांचा जुना टेपरेकॉर्डर असायचा. हेमलताबाई म्हणाल्या, दुरुस्तीला टाकलाय. पण तो त्यांच्याच, दवाखान्यात न्यायच्या पिशवीत होता, खाली, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. हणमंतरावांनी हात घालून चाचपला. गाणी! म्हणजे आता गाणी ऐकवायचं वय झालं होतं दोघांचं. ते पलंगावर बसले आणि पहिल्यांदाच त्यांना राग येईना. भीती वाटली. ही गेली तर आपण कुणासाठी नंबर लावायचा, असं त्यांच्या मनात आलं, आणि सत्तरीतल्या माणसाला बायको सोडून जाईल का हा प्रश्न किती वेडगळ आहे हे कळत असूनही तो प्रश्न जागचा हलेना.

तिनं फोन हातात दिला तसा त्यांनी नंबर लावला. 'आ' म्हणाले. पंचवीस.

"उद्या तू एकटीच जा," ते म्हणाले. "मला काम आहे."

"बरं," ती म्हणाली. "पण घरीच असा. मी फोन केला तर या."

गुरुवारी ती गल्लीच्या टोकाला वळली तसे ते निघाले. पाय आज का कोण जाणे लवकर उचलत नव्हते. दवाखान्यात पोचेस्तोवर पाटीवरच्या पंचवीसपैकी तेरा मिनिटं उलटली होती. सुगंधाबाई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन पेंगत होत्या. हणमंतराव त्यांच्यासमोरून सरळ आतल्या दारापाशी गेले आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं: दाराला कान लावला.

आतून खणखणीत आवाज आला. "कडेगावमार्गे कराडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. प्रवाशांनी घाई करू नये. गाडी तुम्हाला घेतल्याशिवाय जाणार नाही."

त्यांचाच आवाज. दिवाळीत स्टँडवरच्या पोरांनी टेप केलेला, पस्तीस वर्षांपूर्वीचा. हणमंतरावांना काहीच उमजेना. चोरून भेटायचं आणि माझ्या गाड्या ऐकायच्या?

मग खट्ट असा आवाज झाला आणि दुसरंच कुणीतरी ऐकू आलं. "आऽऽ." बारीक, सपाट, पोकळ. मध्येच विरलं, परत उगवलं, शेवटी फाटलं. कुणीतरी आजारी म्हातारा. हणमंतरावांना त्याची कीव आली. कोण हा? याच्या घरी कुणी बघणारं आहे की नाही? एवढा दम तुटेपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

"हेमलता म्हेत्रे," तो म्हातारा पुटपुटला. "गुडघा. सकाळचाच द्या."

काल सकाळी पलंगावर बसून उच्चारलेले शब्द हणमंतरावांनी दाराबाहेर उभं राहून ऐकले.

दार त्यांनीच ढकललं की ते टेकल्यामुळं उघडलं, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. आत डॉक्टर पेन हातात धरून बसले होते. टेबलावर टेपरेकॉर्डर होता. हेमलताबाईंनी मान वळवली. दचकल्या नाहीत.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमचाच नंबर चालू आहे. सहा गुरुवार झाले."

"माझा?"

"हणमंतराव," डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दिवशी मशीननं मला सांगितलं, ह्या बाईंना कंपवाताची सुरुवात असेल. मी सगळं तपासलं, बाई ठणठणीत. दुसऱ्या गुरुवारी मी त्यांना फोनची ध्वनिफीत ऐकवली, म्हटलं हा आवाज तुमचा कसा? त्या म्हणाल्या, हे आमचे. असं गावात बऱ्याच जणांचं झालंय. यादवमास्तरांचा दमा त्यांच्या सुनेच्या नावावर लागला होता. यंत्र बनवणाऱ्यांना वाटलं, ज्याचं दुखणं तोच 'आ' म्हणेल. त्यांनी आपल्याकडचे नवरे बघितले नव्हते."

कंपवात हा शब्द हणमंतरावांनी वडील गेल्यानंतर सत्तावीस वर्षांनी ऐकला. त्यांनी आपले हात बघितले. हात स्थिर होते.

"हात थरथरत नाहीत माझे."

"अजून नाही. आधी वास जातो. अक्षर बारीक होतं. झोपेत माणूस हाणामारी करतो. आवाज बसतो, आणि माणसाला वाटतं बायको बहिरी झालीय." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "खात्री करायला सहा आठवड्यांचे सहा 'आ' हवे होते. तुम्ही तर आत यायला तयार नाही. मग तुम्ही बायकोसाठी नंबर लावत राहिलात आणि आम्ही इथं तुम्हाला ऐकत राहिलो."

"चोरून?"

"चोरून," हेमलताबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होता, मला सांगू नका. नाही सांगितलं मी. पण ऐकू नको असं कुठं म्हणाला होता?"

डॉक्टर पुढं बोलत होते. वडिलांच्या वेळी नव्हतं ते औषध आता आहे. हात थरथरायच्या आधी सुरू केलं तर रोग जागच्या जागी थांबतो, दहातल्या सात जणांचा. मात्र रुग्णानं स्वतः येऊन हो म्हणायला लागतं, बायकोला त्याच्या वतीनं म्हणता येत नाही. हे सगळं हणमंतरावांच्या कानावर पडत होतं. त्यांचं लक्ष टेपरेकॉर्डरवर होतं. हेमलताबाईंचं बोट त्याच्या बटणावर होतं, आणि ते बोट तिथं फार सवयीनं ठेवल्यासारखं वाटत होतं.

"हा कशाला लागतो दर वेळी?" त्यांनी विचारलं.

"ताडून बघायला, एकदाच लागला," डॉक्टर म्हणाले. "मग ह्या म्हणाल्या, दर वेळी पाच मिनिटं मला द्या. घरी लावता येत नाही, तुम्ही असता."

हेमलताबाईंनी मान खाली घातली. सहासष्ट वर्षांची बाई, कॉलेजच्या पोरीसारखी लाजली होती.

तेव्हा हणमंतरावांना कळलं की गेले सहा आठवडे ज्या माणसावर आपण जळत होतो तो खरोखरच होता. तो या खोलीतच होता. ती गुरुवारी इस्त्रीचं पातळ नेसून त्याच्याकडेच यायची, डोळे मिटून त्याला ऐकायची आणि रडून बाहेर यायची. बोराटे परवडला असता. बोराट्याशी भांडता आलं असतं. हा पस्तीस वर्षांपूर्वीचा माणूस, काळ्या मिशीचा, फलाट दणाणून सोडणारा, याच्याशी कसं भांडायचं? त्याच्यावर ते असे जळले, असे जळले, की आयुष्यात कुणावर जळले नसतील.

"आवाज परत येतो का?" त्यांनी विचारलं.

"मेहनत केली तर बराचसा. रोज मोठ्यानं 'आ' म्हणायचं. ऐकणारं कुणीतरी समोर पाहिजे, नाहीतर माणूस स्वतःला फसवतो."

"किती मिनिटं राहिलीत?"

डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं. "सात."

हणमंतरावांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली. ती त्यांनी डॉक्टर आणि हेमलताबाई यांच्या बरोबर मध्ये मांडली, टेपरेकॉर्डरला पाठ करून, आणि बसले.

"आता त्याला लावू नको," ते म्हणाले.

"का हो?"

"मी आलोय ना."

तिनं बटणावरचं बोट काढलं. हणमंतरावांनी डॉक्टरांकडं बघितलंच नाही. मोठा श्वास घेतला आणि तिच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "आऽ."

"काय म्हणालात?" हेमलताबाई म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, फक्त हात कानामागं धरला. "ऐकू नाही आलं."

त्यांनी परत म्हटलं.

"अजून नाही."

हणमंतरावांनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या, पाय जमिनीत रोवले आणि घसा फाटला तर फाटू दे म्हणून तिसऱ्यांदा 'आ' म्हणाले. बाहेरच्या बाकावर पेंगणाऱ्या सुगंधाबाई पिशवी उचलून ताडकन उभ्या राहिल्या.